बिनआरशाचा कॅमेरा : धंदेवाईकाचा आणि नवशिक्याचा

जालना जिल्ह्याच्या उत्तर भागांत, भोकरदन तालुक्यांत, अन्वा नांवाचें गांव आहे. गांवांत बाराव्या शतकांतलें मानलें जाणारें एक दगडी देऊळ असून त्याच्या मंडपांतील कोरीव खांब आणि बाहेरील भिंतींवरच्या मूर्ति पाहण्यासाठीं शिल्पाचे जाणकार आजहि वाट वांकडी करून तेथें जातात. अजिंठ्याचीं लेणीं येथून फार दूर नाहींत. त्या लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृति करण्यासाठीं ईस्ट इंडिया कंपनीनें १८४४ सालीं मद्रास फौजेंतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची नेमणूक केली होती. गिलनें पुढें कुंचल्याबरोबर कॅमेराहि हातीं घेतला आणि आसपासचा मुलूख धुंडाळला. १८६४ सालीं जेम्स फर्ग्युसन या वास्तुकलेच्या अभ्यासकाच्या विवेचनासह गिलच्या शंभर छायाचित्रांचें एक पुस्तक लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. त्यांत अजिंठा आणि लोणार यांच्या पंक्तीस अन्व्याचें देऊळहि जाऊन बसलें.

आज त्याच देवळापुढें दोन माणसें शेजारीं उभीं आहेत, अशी कल्पना करावी. एकाच्या गळ्यांत कॅनन कंपनीचा आर-१ हा कॅमेरा आहे. तो २०२४ सालीं बाहेर पडला. धंदेवाईक वृत्तछायाचित्रकार आणि क्रीडाछायाचित्रकार यांच्यासाठीं तो बनविलेला असून अमेरिकेंत त्याची मूळची किंमत ६,२९९ डॉलर ठेवण्यांत आली. दुसऱ्याजवळ त्याच कंपनीचा आर-१०० आहे. तो २०२३ सालचा, नवशिक्यासाठीं बनविलेला. त्याची मूळची किंमत सुमारें ४८० डॉलर. दोन्ही किंमती भिंगाखेरीज आहेत. एकाच्या मोलांत दुसरे तेरा येतात. दोन्ही कॅमेरे आरशाविना चालणारे, म्हणजे बाजारांत ज्यांना मिररलेस म्हणतात त्या जातीचे. दोन्ही कॅमेरे प्रत्येक चित्र सुमारें २ कोटि ४० लक्ष बिंदूंत टिपतात. सकाळच्या स्वच्छ उन्हांत दोघांनीं सारखेंच चांगलें भिंग लावून देवळाचें छायाचित्र घेतलें आणि तें मासिकाच्या पानावर छापलें, तर कोणतें कोणाचें हें सांगणें पारख्यालाहि अवघड जाईल. मग तेरापट पैसा मोजावयाचा तो कशासाठीं? या प्रश्नाचें उत्तर दुकानांतल्या माहितीपत्रकापेक्षां कॅमेऱ्याच्या इतिहासांत अधिक स्पष्टपणें सांपडतें.

कॅमेऱ्यांत आरसा नसणें ही मुळांत नवी गोष्ट नव्हे. गिलच्या काळच्या कॅमेऱ्यांतहि आरसा नसे. पुढें भिंग, मागें घासलेली कांच आणि मध्यें अंधारी पेटी, इतकीच त्याची रचना. समोरचें देऊळ त्या कांचेवर उलटें, जोतें वर आणि खांबांचे माथे खालीं, असें उमटे. छायाचित्रकार डोक्यावर काळें कापड घेई, ती उलटी प्रतिमा न्याहाळी, भिंग मागें-पुढें सरकवून ती रेखीव करी आणि नंतर घासलेल्या कांचेच्या जागीं रसायन लावलेली कांच बसवी. ज्या जागीं प्रतिमा पाहिली त्याच जागीं ती टिपली जाई.

खरे कष्ट त्या रसायनाचे होते. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें १८५१ सालीं प्रसिद्ध केलेली ओल्या कांचेची पद्धति त्या काळांत सर्वत्र रूढ झाली होती. कांचेवर कोलोडियन नांवाचा चिकट द्रव ओतावयाचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालून तिला प्रकाश दाखवावयाचा आणि वाळण्यापूर्वींच अंधारांत धुवून काढावयाची. सारा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. वैशाखांतल्या मराठवाड्यांत तर तेवढीहि सवड मिळावयाची नाहीं. यामुळें अंधारा तंबू, कांचांच्या पेट्या, औषधांच्या बाटल्या आणि स्वच्छ पाणी हें सारें बिऱ्हाड देवळाच्या दारापर्यंत न्यावें लागे. चित्र मोठें करून छापण्याची सुलभ सोय नसल्यानें मोठें चित्र हवें असेल तर कांचहि तेवढीच मोठी घ्यावी लागे, आणि कांचेबरोबर पेटी, तंबू व ओझें हींहि वाढत जात. याच्या उलट एक लहान कॅमेरा होता. त्याला डोळ्यांप्रमाणें दोन भिंगें असत आणि तीं एकाच दृश्याचीं दोन छोटीं चित्रें जोडीनें टिपीत. स्टिरिओस्कोप नांवाच्या खोक्यांतून तीं पाहिलीं कीं सपाट कागदावर खोली भासूं लागे. घरोघरच्या दिवाणखान्यांत हीं जोडचित्रें आवडीनें पाहिलीं जात. गिलचीं तीं शंभर छायाचित्रें या लहान जातीचीं होतीं, ही गोष्ट पुढील विवेचनासाठीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

त्या काळीं हौशी आणि धंदेवाईक यांच्यांतला भेद यंत्रांत दिसत नसे. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांनीं वैद्यकी सांभाळून ही विद्या जोपासली. हरिश्चंद्र चिंतामण यांनीं तिचा व्यवसाय केला. पण ओली कांच दोघांनाहि सारखीच होती, आणि ती वाळूं लागली म्हणजे हौशी माणसालाहि सवलत देत नसे. ज्याला रसायन, प्रकाश आणि भिंग यांचें ज्ञान नाहीं त्याच्यासाठीं कॅमेरा नव्हताच. म्हणजे ‘नवशिक्याचा कॅमेरा’ ही वस्तु अद्याप जन्मास यावयाची होती.

तिचा मार्ग सुक्या कांचेनें मोकळा केला. रिचर्ड मॅडॉक्स यानें १८७१ सालीं जिलेटिनची युक्ति सुचविली आणि १८८० नंतर कारखान्यांत तयार झालेल्या सुक्या कांचा सर्वत्र मिळूं लागल्या. अंधारा तंबू प्रवासांतून गळाला. जालना तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. त्याच राज्यांत सहाव्या निजामानें १८८४ च्या सुमारास लाला दीनदयाळ यांना आपले दरबारी छायाचित्रकार नेमलें. मूळचे बांधकाम खात्यांतले नोकर असलेले दीनदयाळ यांनीं सिकंदराबादेस आणि १८९६ सालीं मुंबईस चित्रशाळा चालविली. दरबार, शिकारी, लष्करी कवायती, व्हाइसरॉयांचे दौरे असे प्रसंग त्यांच्याकडे येत. असे प्रसंग पुन्हां घडवून आणतां येत नाहींत. धंदेवाईकाच्या साधनांकडून काय अपेक्षा असते, तें येथें प्रथम ठसठशीतपणें दिसतें: चित्र सुंदर यावें ही झालीच, पण तें हटकून यावें ही त्याहून मोठी.

याच सुमारास अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन यानें दुसऱ्या टोकाची वाट धरली. १८८८ सालच्या त्याच्या कोडॅक कॅमेऱ्याची किंमत २५ डॉलर होती आणि आंत शंभर चित्रांची गुंडाळी भरलेली असे. गुंडाळी संपली कीं कॅमेराच कारखान्याकडे पाठवावयाचा. धुणें आणि छापणें कारखाना करी. १९०० सालीं आलेला ब्राउनी तर अवघ्या एका डॉलरला मिळे. भिंगाचें अंतर ठरलेलें, पडद्याचा वेग जवळजवळ ठरलेला, माणसानें सूर्याकडे पाठ करून कळ दाबावी इतकेंच काम उरलें. अशा रीतीनें कॅमेऱ्यांच्या दोन जाति यंत्रांतच वेगळ्या झाल्या. नवशिक्याच्या कॅमेऱ्यांत बहुतेक निर्णय कारखान्यानेंच घेऊन टाकले होते. धंदेवाईकाच्या कॅमेऱ्यांत प्रत्येक निर्णय हाताला मोकळा होता आणि म्हणूनच तो चालविणें अवघड होतें.

पुढें दृश्य पाहण्याची अडचण उभी राहिली. फिल्म एकदां आंत बसली म्हणजे तिच्या जागीं डोळा लावतां येत नाहीं. मग भिंग काय पाहतें तें कळावें कसें? ज्या कॅमेऱ्यांत वर किंवा बाजूस वेगळी खिडकी होती त्यांत डोळा आणि भिंग यांच्यांत थोडें अंतर पडे. यावर उपाय म्हणून भिंगामागें तिरपा आरसा बसविण्यांत आला. आरसा प्रतिमा वर फेंकतो; कळ दाबतांच तो उचलला जातो आणि प्रकाश फिल्मवर पडतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या लहान कॅमेऱ्यांत ही रचना १९३६ च्या किने एक्झाक्टानें रूढ केली, १९४९ च्या कॉन्टॅक्स-एसनें लोलक बसवून प्रतिमा सुलट दाखविली आणि १९५९ च्या निकॉन-एफनें वृत्तपत्रांचें जग जिंकलें. पुढील जवळजवळ अर्धशतक आरशाचा कॅमेरा हेंच धंदेवाईकाचें चिन्ह होऊन बसलें. त्याच काळांत आपल्याकडील घरोघरीं बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक-थ्री कॅमेरा होता. एका गुंडाळींत बारा चौकोनी चित्रें, आणि तीं जपून काढावयाचीं. सहलीचीं आणि बारशाचीं चित्रें त्यानें काढलीं. लग्नासाठीं मात्र फोटो स्टुडिओचा मनुष्य बोलावण्यांत येई. घरांत कॅमेरा असून लग्नाला छायाचित्रकार बोलावणें यांत कोणालाच विसंगति वाटत नसे.

आरसा गेला तो विद्युत्-संवेदकामुळें. फिल्मच्या जागीं प्रकाशाचें विजेंत रूपांतर करणारा सेन्सर आला. १९९९ सालच्या निकॉन डी-१ नें धंदेवाईक डिजिटल कॅमेऱ्याचें युग सुरू केलें आणि २००३ सालचा कॅनन ३००-डी हजार डॉलरच्या आंत आल्यानें तें मध्यमवर्गाच्या आवाक्यांत उतरलें. सेन्सरला जें दिसतें तें छोट्या पडद्यावर तत्क्षणीं दाखवितां येतें, म्हणून आरशाचें कामच उरलें नाहीं. २००८ सालीं पॅनासॉनिकनें जी-१ हा भिंग बदलतां येणारा बिनआरशाचा कॅमेरा काढला. २०१३ सालीं सोनीनें ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरचा अल्फा-७ आणला. २०१८ सालीं निकॉन आणि कॅनन याच वाटेला लागले. गिलच्या घासलेल्या कांचेप्रमाणें प्रतिमा पाहण्याची आणि टिपण्याची जागा पुन्हां एक झाली. काळें कापड गेलें, त्याच्या जागीं डोळ्याला लावावयाचा लहानसा विद्युत्-पडदा आला.

एवढ्या पार्श्वभूमीवर अन्व्याच्या देवळापुढील त्या दोन कॅमेऱ्यांकडे पुन्हां पाहावें. आर-१ चा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा, आर-१०० चा २२.३ × १४.९ मिलिमीटरचा, म्हणजे पहिल्याचें क्षेत्रफळ दुसऱ्याच्या अडीचपटीहून अधिक. बिंदु जवळजवळ तितकेच असल्यानें मोठ्या सेन्सरवरील प्रत्येक बिंदूला अधिक जागा आणि अधिक प्रकाश मिळतो. उन्हांत याचा फरक थोडा. गाभाऱ्यांतील समईच्या उजेडांत मात्र लहान सेन्सरच्या चित्रावर आधीं रवाळपणा येतो. तरीहि खांब हलत नाहींत. लहान कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून सेकंद-दोन सेकंद उघडा ठेवला, तर ही उणीवहि बव्हंशीं भरून निघते. दगडाला घाई नसते, म्हणून दगडापुढें नवशिक्याचा कॅमेरा सहसा हरत नाहीं.

माणसाचें तसें नाहीं. अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या नवरात्रांतली गर्दी, राजूरच्या गणपतीपुढील रांग, रात्रीच्या मांडवांतला अंतरपाट, अथवा जालन्याच्या पोलाद कारखान्यांतील भट्टीचें तोंड उघडतांना एकदम पसरणारा लाल उजेड, हीं दृश्यें थांबत नाहींत. आर-१०० एका सेकंदांत फार तर साडेसहा चित्रें घेतो, आणि हलणाऱ्या वस्तूवर नजर ठेवीत घ्यावयाचीं झालीं तर हा वेग आणखी उतरतो. आर-१ एका सेकंदांत ४० घेऊं शकतो. इतकेंच नव्हे तर कळ पूर्ण दाबण्यापूर्वींच्या अर्ध्या सेकंदांतलीं २० चित्रेंहि तो राखून ठेवूं शकतो. या वेगाचें रहस्य सेन्सरच्या घडणींत आहे. साधा सेन्सर वरपासून खालपर्यंत एकेक ओळ वाचीत जातो. वाचन मंद असेल तर तेवढ्या अवधींत फिरती बॅट वांकडी दिसते. धंदेवाईकाच्या सेन्सरमध्यें वाचणारीं मंडलें सेन्सरच्या पाठीशीं थर रचून बसविलेलीं असतात, त्यामुळें वाचन फार जलद होतें. अशी घडण महाग पडते आणि मोलांतला मोठा वांटा तीच खाते.

उरलेलें मोल दक्षतेचें आहे. आर-१ मध्यें दोन स्मृतिपत्रें एकाच वेळीं बसतात. एक बिघडलें तरी दुसऱ्यावर चित्र शिल्लक राहतें. आर-१०० मध्यें एकच. आर-१ च्या सांध्यांतून धूळ आणि पाणी शिरूं नये अशी बंदिस्त बांधणी आहे. आर-१०० ला पावसांत जपावें लागतें. या साऱ्याची किंमत खांद्यालाहि मोजावी लागते, कारण बॅटरी आणि स्मृतिपत्र धरून आर-१ चें वजन १,११५ ग्रॅम भरतें आणि आर-१०० चें ३५६ ग्रॅम. दिवसभर पायीं हिंडणाऱ्या यात्रेकरूनें या दोन आंकड्यांकडे किंमतीइतकेंच लक्ष द्यावें.

इतिहासाच्या दृष्टीनें एक उलटापालट मात्र विलक्षण आहे. ब्राउनीच्या काळीं यंत्रानें माणसाच्या वतीनें निर्णय घेणें ही नवशिक्याची सोय होती. आज सर्वांत अधिक निर्णय घेणारें यंत्र धंदेवाईकाच्या हातांत आहे. गर्दींतून एकच चेहरा ओळखून त्याचा पाठलाग करणें, छायाचित्रकाराचा डोळा खिडकींत जिकडे वळेल तिकडे फोकस नेणें, हें आर-१ करतो. आर-१०० हि चेहरा व डोळा ओळखतो, पण त्याची धांव थोडी; तेथें माणसाला स्वतः आधीं अंदाज बांधावा लागतो, श्वास आवरावा लागतो आणि नेमक्या क्षणीं कळ दाबावी लागते. म्हणजे छायाचित्रणाची जुनी तालीम आज स्वस्त कॅमेऱ्यावरच अधिक चांगली होते. शिवाय दोन्ही कॅमेऱ्यांचें भिंगाचें तोंड एकच असल्यानें एकावर घेतलेलें चांगलें भिंग दुसऱ्यावरहि चालतें. पेटी कांहीं वर्षांत जुनी होते. भिंग तिच्याहून बराच काळ टिकतें. मर्यादित पैसा असलेल्या घरानें तो पेटीपेक्षां भिंगांत घालावा, हा शहाणपणा यांतूनच निघतो.

या विषयांत खरोखर काय पणाला लागलेलें असतें, तें गिलच्याच चरित्रांत पाहावयास मिळतें. अजिंठ्याच्या चित्रांच्या ज्या मोठ्या तैलप्रतिकृति त्यानें अनेक वर्षें खपून तयार केल्या, त्या लंडनजवळील सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ मध्यें तेथें आग लागली आणि त्यांतल्या बहुतेक जळून गेल्या. सरकारी आज्ञेनें, सरकारी खर्चानें झालेलें तें काम एकाच इमारतींत आणि एकाच प्रतींत होतें. त्याच्या छोट्या जोडचित्रांचें पुस्तक दोन वर्षें आधींच छापून निघालें होतें; त्याच्या प्रति वेगवेगळ्या ग्रंथालयांत पोंचल्या आणि आजवर राहिल्या. अन्व्याच्या देवळाची एकोणिसाव्या शतकांतली मुद्रा आज पाहावयास मिळते ती मोठ्या साधनानें नव्हे, दिवाणखान्यांत करमणुकीखातर पाहिल्या जाणाऱ्या त्या लहान प्रकारानें टिकविली.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं स्वतंत्र झाला. त्याच्या गांवोगांवीं जुन्या बारवा आहेत, पडके वाडे आहेत, देवळांच्या आवारांत उघड्यावर झिजणाऱ्या मूर्ति आहेत. त्या सर्वांपाशीं धंदेवाईक मनुष्य आपला आर-१ घेऊन जाईल, अशी आशा करण्यांत अर्थ नाहीं. त्याला तेथें कोणी बोलावीतहि नाहीं आणि पैसेहि देत नाहीं. तेथें शाळेंतला शिक्षक जाऊं शकतो, सुटींत घरीं आलेला विद्यार्थी जाऊं शकतो, आणि त्याच्या झोळींतला साडेतीनशें ग्रॅमचा कॅमेरा त्या कामाला पुरून उरणारा आहे. त्यानें ठिकाण, दिनांक आणि दिशा लिहून ठेवावी आणि चित्राच्या प्रति दोन-तीन जागीं राखाव्या, म्हणजे धंदेवाईकाच्या दोन स्मृतिपत्रांचें काम झालें.

कॅमेरा विकत घेणाऱ्या घरानें म्हणून दुकानदाराला बिंदूंचा हिशेब विचारण्यापूर्वीं स्वतःला एक प्रश्न विचारावा: ज्याचें चित्र घ्यावयाचें तें उद्यां पुन्हां त्याच जागीं भेटणार आहे काय? दुसऱ्याच्या घरच्या लग्नांत अंतरपाट दूर होतांना चुकलेलें चित्र कोणत्याहि मोबदल्यानें परत मिळत नाहीं, आणि ज्यानें तें घेण्याचें वचन देऊन पैसे स्वीकारले आहेत त्याला तेरापट मोल महाग नव्हे. ज्याला देऊळ, झाड, डोंगर आणि आपलीं माणसें निवांतपणें पाहावयाचीं आहेत, त्याला आज मिळणारा लहान कॅमेराहि गिलच्या सबंध बिऱ्हाडापेक्षां समर्थ आहे. गिलला मात्र त्या देवळापर्यंत जावें लागलें होतें, आणि तेवढें काम दोन्ही कॅमेऱ्यांनीं अजून माणसाकडेच ठेवलें आहे.